आधी तोंड, मंग तिकीट

धामणगावहून अकोल्याला रेल्वे सरळ जाते, तरी मी एसटीने गेलो. काहून, ते आधी सांगतो. एक तर पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे. दुसरं, रेल्वे कोणासाठी थांबत नाही. बसमध्ये खिसा चाचपताना काही राहिलं असं वाटलं तर कंडक्टरला हाक मारता येते. मला तसं दर प्रवासात वाटतं. आजवर काही राहिलेलं नाही, पण म्हणून पुढे राहणार नाही असं कोण सांगणार?

जायचं ठरलं ते नातवामुळे. वैभव अकोल्याला शिकतो आणि तिथल्या एका मंडळाकडून कबड्डी खेळतो. गेल्या वर्षी खेळतानाच त्याचा डावा खांदा उतरला होता. डॉक्टरने आता खेळायची परवानगी दिली, पण डॉक्टरचा खांदा नाही ना तो. जानेवारीत वैभवचा फोन आला.

"आबा, आमच्या स्पर्धेत टीव्हीवाला येऊन राहिला! अन् मी डाव्या कोपऱ्यात आहो."

टीव्हीवाला म्हणजे तो मोठा चढाईपटू, ज्याचे सामने संध्याकाळी घरोघरी लागतात. जाहिरातीत त्याचं पूर्ण नाव लाल अक्षरात होतं, पण आमच्याकडे कोणी नाव घेत नव्हतं. सगळे टीव्हीवालाच म्हणत. मंडळाने पैसे मोजून त्याला एका सामन्यापुरता पाहुण्या संघाकडून आणायचं ठरवलं होतं. त्याच्या नावावर तिकिटं खपणार होती. आणि तो चढाईला आला की त्याचा घोटा धरायचं काम कोपऱ्यातल्या माणसाचं, म्हणजे आमच्या वैभवचं.

बायकोने फोन ऐकला आणि मला हुकूम सोडला. "त्याले मना करून या. नाई आयकला तं सोबत घेऊन या." वर खांद्याला लावायला ओवा घालून कढवलेल्या तेलाची बाटली दिली. मी ती तीन पिशव्यांत बांधली. तरी तेल स्वेटरला आणि गळ्यातल्या दुपट्ट्याला लागलंच.

सकाळच्या बसने अमरावती गाठली. आधारकार्ड मी गाडी सुटायच्या आधीपासून हातात धरून बसलो होतो. कंडक्टरने पाहिलंसुद्धा नाही.

"बाबा, ठेवा ते आत. तुमच्या तोंडावरच लिवलं हाय."

अमरावतीत गाडी बदलायची होती. स्टँडच्या बाहेर गिला वडा खाल्ला. अमरावतीला जाऊन गिला वडा न खाणं बरं दिसत नाही, पण दही थंड असतं, तेव्हा खोकला असेल तर चटणी जास्त आणि दही कमी घ्या. नातवासाठी संत्री घेतली. संत्रीवाली म्हणाली, "गोड निघाली नाई तं परत आणा." मी म्हटलं, मी अकोल्याला चाललो. ती म्हणाली, "मंग गोडच निघतीन."

अकोल्याचा रस्ता आता इतका सरळ आणि गुळगुळीत आहे की मला झोप लागली. मूर्तिजापूरला दचकून उठलो, वाटलं अकोला मागे गेलं. शेजारच्या बाईने सांगितलं, अजून तासभर आहे. मग बाहेर पाहत बसलो. तुरी कापायला आल्या होत्या, कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या, हवेत गारवा होता. ज्यांना काही काळजी नाही त्यांनी हा प्रवास याच दिवसांत करावा.

अकोल्यात उतरायची सोय सलीमभाईकडे होती. तरुणपणी आम्ही धामणगावच्या एकाच जिनिंगमध्ये कामाला होतो. आता तो मुलाजवळ जुन्या शहरात राहतो. मुलाचं शिवणकामाचं दुकान आहे. मोर्णेचा पूल ओलांडला की रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडते, पुढे पायीच जावं लागतं. वैभवच्या संघाचे कपडे याच दुकानात शिवलेले.

"म्हाद्या, ये! तुया नातवाच्या पाठीवर नंबर मी सोता लावला," सलीमभाई म्हणाला. "डबल शिलाई मारली. पोट्टा फाटला तरी नंबर फाटत नाई."

"असं बोलू नको बे," मी म्हणालो.

संध्याकाळी वैभव भेटायला आला. मी मनात वाक्य तयार ठेवलं होतं. पण तो आला तो दारातूनच बोलत. टीव्हीवाला आधी उजवा पाय कसा टाकतो, मान कशी फिरवतो, परत जाताना घोटा क्षणभर कसा मोकळा राहतो. बोलता बोलता त्याने मी आणलेली दोन संत्री सोलून खाल्ली. मी म्हणालो, "वैभव, ऐक." तो म्हणाला, "हो आबा?" मी म्हणालो, "हे तेल घे. रात्री लाव." एवढंच निघालं तोंडातून.

सलीमभाई माझ्याकडे पाहत होता. वैभव गेल्यावर म्हणाला, "मना कराले आला होता ना तू?"

"उद्या करतो."

"उद्या काय त्याच्या मागं मैदानात पयतं?"

रात्री मी एकच प्रार्थना केली. टीव्हीवाला न येवो. तो आला नाही तर सामना साधा होईल आणि पोराचे खांदे जागेवर राहतील.

दुसऱ्या दिवशी सामना संध्याकाळचा होता. तिकिटं संपली तर काय करायचं, म्हणून मी जेवणाआधीच सलीमभाईला घेऊन गेलो. शाळेचं मैदान, चारी बाजूंनी पत्रे ठोकलेले, आत बाकांची चढती रांग. बाक शंभर रुपये, पुढच्या खुर्च्या तीनशे. आम्ही बाकाची दोन घेतली. खिडकीतल्या माणसाने तिकिटं फाडताना आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्हीच पाहुणे आहोत.

"पह्यले गिऱ्हाईक तुमीच, काका."

"बाकीचे?" मी विचारलं.

त्याने हनुवटीने बाहेर दाखवलं. रस्त्यापलीकडे माणसं जमत होती, पण खिडकीकडे कोणी येत नव्हतं. मोटरसायकली लावून, त्यांवर बसून, शेंगदाणे खात सगळे वाट पाहत होते. गेल्या साली असंच एक मोठं नाव जाहिरातीत होतं आणि तो खेळाडू आलाच नव्हता. तेव्हा यंदा गावाने आपसांत ठरवलं होतं: आधी तोंड, मंग तिकीट.

भोंग्यावरून दर थोड्या वेळाने घोषणा होत होती. "आपले लाडके खेळाडू येऊन राहिले आहेत!"

पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे येऊन राहिला म्हणजे येतो आहे, येऊन थांबला असं नाही. माणूस सकाळपासून अंधार पडेपर्यंत येऊन राहू शकतो.

"दुपारपासून येऊन राहिला," एक जण रस्त्यावरून ओरडला. "बैलगाडीनं निघाला काय?"

"अरे, त्याले म्हणा एसटीनं ये!"

आत रिकाम्या बाकांवर आम्ही दोघेच. सलीमभाई म्हणाला, "तो नाई आला तं हार तुयाच गळ्यात पडतो, लेका. तिकीट काढणारा एकटा तू." मला हसूही येईना. त्या हजारभर लोकांत ‘न येवो’ म्हणणारा एकटा मी, आणि तिकीट काढून आत बसलेलाही मीच.

पण तिथे बसून बाकीचे दिसत होते ना. भजीवाल्याने घाणा काढायचा थांबवला होता. चहावाला स्टोव्ह बारीक करून गालाला हात लावून बसला होता. खिडकीतला माणूस दर मोटारीच्या आवाजाला मान बाहेर काढत होता. आणि पलीकडे वैभव आणि त्याची पोरं अंग गरम करत होती, थांबत होती, फाटकाकडे पाहत होती, पुन्हा गरम करत होती. वैभवचं तोंड उतरलेलं मला तेवढ्या अंतरावरून दिसलं. माझी प्रार्थना ढिली पडली. म्हटलं, येवो बापा. पण हळू खेळो.

ऊन कलता कलता पांढरी गाडी आली. काचा काळ्या. लोकांनी गाडी अडवली.

"काच खाली करा!"

"आतमधी कोण हाय कोणाले मालूम?"

काच खाली आली. टीव्हीवाल्याने डोकं बाहेर काढून हात हलवला आणि हसला. बस, तेवढंच. त्यानंतर खिडकीसमोर जे झालं ते मी जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या सीझनमध्येही पाहिलं नव्हतं. तिकिटांची पुस्तकं संपली, मग हातावर शिक्के मारून लोक आत सोडले. बाक भरले, पायऱ्या भरल्या, पोरं झाडावर चढली. मी चहा मागितला. दुपारी दहाचा होता, आता पंधरा.

"काहून रे?"

"तो आला न आबा," चहावाला म्हणाला.

एका माणसाच्या तोंडाने काय काय होतं ते सांगायला मी काही शिकलेला नाही. पण चहा पाच रुपयांनी वाढतो, एवढं नक्की.

सामना सुरू झाला. मला वाटत होतं लोक टीव्हीवाल्याचं कौतुक करायला आले आहेत. तसं नव्हतं. तो चढाईला निघाला की सगळं मैदान ओरडे, "धर त्याले! धर!" पैसे त्याला पाहायचे दिले होते, पण गळा त्याला पकडलेलं पाहायला होता.

आणि तो पकडला जात नव्हता. पहिल्याच चढाईत त्याने वैभवला पायाच्या बोटाने शिवलं. वैभव बाद होऊन बाहेर बसला. मला फार बरं वाटलं. बाहेरच्या बाकावर खांदा उतरत नाही. पण कबड्डीत मेलेला माणूस पुन्हा जिवंत होतो, हा मोठा वाईट नियम आहे. अकोल्याने एक गुण घेतला आणि वैभव पुन्हा कोपऱ्यात.

शेवटी शेवटी अकोल्याचे तिघेच उरले होते. टीव्हीवाला आत आला, मान फिरवली, उजवा पाय टाकला. वैभव खाली वाकलेला मला दिसला. मग मी दुपट्टा तोंडावर ओढून घेतला.

दुपट्ट्यात अंधार होता आणि तेलातल्या ओव्याचा वास होता.  त्या अंधारात मी काय काय पाहिलं ते लिहीत नाही. मग असा आवाज उठला की बाक हलला. सलीमभाई माझ्या पाठीवर बुक्क्या मारत होता. "धरला! म्हाद्या, धरला तुया पोट्ट्यानं! या अल्ला, काय धरला!"

दुपट्टा काढला तेव्हा ढिगाऱ्यातून माणसं उठत होती. वैभव सगळ्यांच्या खालून उठला. टीव्हीवाल्याने त्याला हात देऊन उभं केलं आणि त्याच्या खांद्यावर थाप मारली. त्याच खांद्यावर! मी ओरडलो, पण त्या गोंधळात कोणाला ऐकू गेलं नाही. वैभव हसत होता.

अकोला हरलं, चांगलं सपाटून हरलं. पण बाहेर पडणारे लोक जिंकल्यासारखे नाचत होते. वैभव घामाने भिजलेला आला.

"आबा, पाह्यलं ना?"

"पाह्यलं," मी म्हणालो.

 घरी जेवायला बसल्यावर सलीमभाई हळूच म्हणाला, "दुपट्ट्यात कसं दिसलं बे?"

सकाळी स्टँडवर जाताना रिक्षा मैदानावरून गेली. टीव्हीवाला रात्रीच परत गेला होता. तिकीट अर्ध्यावर आणलं होतं, तरी खिडकी ओस. पण दोन पोट्टे वाकून विचारत होते, "तो घोटा धरणारा, धामणगावचा, आज खेळून राहिला काय?" खिडकीतल्या माणसाने खडू घेतला आणि फळ्यावर वैभवचं नाव लिहिलं. दोघांनी तिकीट काढलं. मी रिक्षा थांबवून ते नाव वाचलं. ‘वै’ची एक मात्रा राहिली होती. उतरून सांगणार होतो, पण बस चुकेल असं वाटलं.

घरी आलो. "मना केलं काय?" बायकोने विचारलं. मी तिला पकड सांगायला लागलो. खाटेचा पाय धरून दाखवलं: तो असा आला, यानं असा झडप घालून उजवा घोटा धरला. शेजारचे ऐकायला आले. त्यांना पुन्हा दाखवलं. किराणा दुकानात दाखवलं. चौथ्या-पाचव्या वेळी मलाच ते अगदी स्वच्छ दिसायला लागलं.

मग नातीने तिच्या फोनवर व्हिडिओ आणला. बायको आणि मी खाटेवर बसून पाहायला लागलो. टीव्हीवाला आत आला. मान फिरवली. वैभव खाली वाकला. काही झालेलं नाही हे मला ठाऊक होतं. पोरगं कालच फोनवर बोललं होतं. तरी माझे डोळे मिटले.

मैदानाचा तो आवाज फोनमधून बारीक ऐकू आला.

"डावा पाय धरला त्यानं," बायको म्हणाली. "तुमी तं उजवा म्हणे."



तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "उघडा आता डोये. झालं. पोरगं उभं हाय."