परवलीचा शब्द

हिरवा उजेड एवढा भीतिदायक असू शकतो, हे मला त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. बैठकीच्या खोलीत शोकेसच्या वरच्या फळीवर आमचा जुना राऊटर बसलेला असतो. अंगावर धुळीचा मऊ थर, पाठीमागे टवकारलेले दोन कान आणि कपाळावर ओळीनं तीन दिवे. त्यांतले दोन स्थिर, तिसरा लुकलुकणारा. पौषातलं नाशिकचं गारठलेलं ऊन तिरपं होऊन खिडकीतून आत आलेलं, खाली रस्त्यावर मेथी-कोथिंबिरीची हाळी चाललेली, आणि मी त्या तिसऱ्या दिव्याकडे एकटक पाहत उभी. तो लागला की श्वास घ्यायचा, विझला की धरून ठेवायचा, असा काहीतरी खुळा नेम माझ्या छातीनं आपला आपणच लावून घेतला होता.

तुम्ही म्हणाल, यंत्रावरच्या दिव्याला एवढं काय भ्यायचं? अगदी खरं आहे. तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. भीती या शब्दातल्या दोन्ही वेलांट्या दुसऱ्या, हे किती मुलांकडून घोकून घेतलं असेल त्याची गणती नाही. शब्द शुद्ध लिहिता आला म्हणजे तो कळला, अशी माझी तेव्हा भाबडी समजूत होती. त्याचा अर्थ मात्र मला भाद्रपदात कळला. गणपती पोहोचवून आठवडाही झाला नव्हता, तोच आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू सावरला, उजव्या हाताची बोटं पुन्हा पेला धरू लागली. पण वाचा गेली ती गेलीच. चार महिने झाले, घरात माझ्याखेरीज कुणाचा आवाज नाही. डोळ्यांत सगळं दिसतं, ओळख आहे, राग आहे, लाजही आहे. ओठ हलतात, गळ्याची शीर ताठ होते आणि बाहेर येतो नुसता एक घोगरा श्वास. अशा वेळी मी मान वळवून घेते. ते काय बोलू पाहत होते, हा विचार मग दिवसभर पाठ सोडत नाही.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, की बोलणं परत यायचं तर ते सुरुवातीच्या महिन्यांतच येऊ लागतं; जितका उशीर, तितकी वाट अवघड. वाचा-उपचार शिकवणाऱ्या पुण्याच्या एक मॅडम पडद्यावरून धडे देतात असं कळलं. त्यांच्याकडे नाव नोंदवलं, आणि बऱ्याच आठवड्यांनी आमची पाळी आली. फोनच्या चिमुकल्या चौकोनात ह्यांना ओठांची हालचाल नीट दिसायची नाही, म्हणून लेकीनं बंगळुरूहून नवा संगणक पाठवला. भला मोठा पडदा, नवी कोरी चकाकी. आतल्या खोलीत ह्यांच्या खुर्चीसमोर तो मांडला, तेव्हा घरात कुणी बडा पाहुणा आल्यासारखं वाटलं होतं. अकरा वाजता धडा सुरू व्हायचा होता. पाळी चुकली तर पुढची महिन्यानंतर. आणि नऊच्या सुमाराला त्या पाहुण्यानं आमच्या जुन्या राऊटरशी सोयरीक जुळवायला साफ नकार दिला.

नकार तरी किती सभ्य शब्दांत! हे नेटवर्क जुन्या पद्धतीचं आहे, त्याची सुरक्षा कमकुवत आहे, तरीही जोडायचं असेल तर पासवर्ड द्या. जुन्या पद्धतीचं आणि कमकुवत! त्या पडद्यासमोर आम्ही दोघं बसलो होतो, सदुसष्टचे हे आणि चौसष्टची मी. हे नक्की कुणाला उद्देशून लिहिलं आहे, असं मनात आलं आणि त्या घाईतही मला क्षणभर हसू फुटलं. पुढच्याच क्षणी ते विरलं. कारण पासवर्ड मला ठाऊकच नव्हता.

ही चूक फक्त आमच्या पिढीच्या संसारांत होऊ शकते. तारा, बटणं, फ्यूज, गॅसची नळी हे सगळं त्यांचं खातं; डबे, औषधं, सणवार, नात्यागोत्यातलं देणंघेणं माझं. जन्मभर कारखान्याच्या वीज विभागात काढलेल्या माणसाच्या घरात बायकोनं तारेला हात का लावावा? आठ वर्षांपूर्वी हा राऊटर त्यांनीच बसवला. कुणी पाहुणा आला आणि त्यानं पासवर्ड विचारला, की हे म्हणायचे, "आण इकडं." पाहुण्याचा फोन घ्यायचे, पाठ वळवून टिपटिप करायचे आणि परत द्यायचे. एकदा मी विचारलंच, की असं काय गुपित आहे त्यात? तर हसून म्हणाले, "काही नाही गं, आपली खुशाली लिहिलीये." मी तेव्हा पोळ्या लाटत होते. पुढे विचारलं नाही. माणूस उद्याही बोलणारच आहे, या भरवशावर आपण किती गोष्टी विचारायच्या ठेवून देतो!

माझ्या फोनला तो शब्द ठाऊक होता. आठ वर्षं रोज सकाळी तो मुकाट्यानं राऊटरशी जोडला जात होता. पण मी त्याच्या पोटात शिरून शोधलं, तेव्हा पासवर्डच्या जागी त्यानं मला ओळीनं काळे ठिपके दाखवले. आत सगळं शाबूत आहे, सांगता मात्र येत नाही. मी फोन खाली ठेवला आणि ह्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते. मला त्या खोलीत बसवेना.

गॅलरीत जाऊन नेटवाल्या भाऊंना फोन लावला. पलीकडे सनई आणि भांड्यांचा आवाज. "मॅडम, ते राऊटर लय जुनं झालंय, बदलूनच टाका आता. मी मनमाडला हाय, भाचीचं लग्न हाय. परवा येतो ना." मी म्हटलं, "भाऊ, अकरा वाजता ह्यांचा धडा आहे हो."  ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, "पाठीमागं बारीक भोक हाय, त्यात पिन दाबली का सगळं पुसलं जातं. पण तसं करू नका बरं का. मंग माझ्याशिवाय चालूच व्हनार नाय." फोनवरचं इंटरनेट देऊन पाहिलं, तर आतल्या खोलीत रेंजच धड नाही. लेकीला त्यावरून पडद्यावर बोलावलं, तर तिचा चेहरा अर्धवट उघड्या तोंडानं तसाच थिजून राहिला. मी घाईघाईनं ते बंद केलं. ह्यांना झटका आला, त्या सकाळी त्यांचा चेहरा असाच थांबला होता.

मग मी खुर्ची ओढून संगणकासमोर बसले आणि अंदाजानं शब्द टाकू लागले. खुशाली लिहिली आहे ना? मग काय असेल ती? सर्व कुशल. सगळं छान. सगळं ठीक आहे. पण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचा, म्हणजे शुद्धलेखनाचा केवढा अनर्थ! आहे हा एवढासा शब्द. त्याला सुरुवातीला एक ए की दोन? ळ लिहायचा कसा? अनुस्वाराचं काय करायचं? ज्या बाईनं उभा जन्म पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी यांच्यात घालवला, तिला आता कुठल्याच नियमाचा आधार नव्हता. प्रत्येक वेळी पडद्यावर एकच उत्तर उमटे, पासवर्ड चुकीचा आहे. पोरांच्या वह्यांवर मी तांबड्या शाईनं हेच लिहीत आले होते. एखादं पोर तेव्हा असंच पुन्हा पुन्हा खोडून लिहीत असेल का? पावणेअकरा झाले. मी अक्षरं मोठ्यानं उच्चारत टाकत होते, शाळेत श्रुतलेखन घालावं तशी. "सगळं... बरं... आहे."

मागून खोकल्यासारखा आवाज आला. मी वळले नाही. पुन्हा तेच वाक्य, या वेळी आहेच्या आरंभी दोन ए घालून. "सगळं, बरं, आहे." आणि पाठीमागून, घोगरा पण अगदी स्वच्छ, एक शब्द आला.

"शे."

मी वळून पाहिलं. हे पुढे झुकले होते. डाव्या हातानं खुर्चीची कड घट्ट धरलेली, कपाळावर घाम. "बरं... शे," ते म्हणाले, आणि दमून मागे टेकले.

हे नामपूरचे. तिकडे घरोघरी अहिराणी बोलतात, आणि अहिराणीत आहेला शे म्हणतात. लग्नानंतर हे नाशकात राहायला आले, तेव्हा त्यांच्या तोंडी सर्रास शे असायचं. मी पंचवटीत वाढलेली, वर मराठीची शिक्षिका. आधी चेष्टा केली, मग लेक बोलू लागली तेव्हा तिच्या कानांवर अशुद्ध पडायला नको म्हणून त्यांना टोकू लागले. ते कधी चिडले नाहीत. हळूहळू घरात त्यांची भाषा माझ्या भाषेसारखी झाली. फक्त नामपूरच्या भावाचा फोन आला, की ते गॅलरीत जायचे आणि मागे दार लोटून घ्यायचे. त्या दाराआडून दर वेळी शेवटी एक वाक्य ऐकू यायचं, "बठ्ठं बरं शे." सगळं बरं आहे. वर्षानुवर्षं ऐकलेलं ते वाक्य मी माझं कधी धरलंच नव्हतं.

ते टाकलं. ठ्ठच्या जोडाक्षरावर दोनदा अडखळले, तिसऱ्यांदा जुळलं. जुन्या पद्धतीच्या त्या कमकुवत नेटवर्कशी नवा संगणक जोडला गेला. बरोबर अकरा वाजता मॅडम पडद्यावर आल्या, तेव्हा मी डोळे पुसत होते. आनंदानं, असं मला वाटत होतं.

त्यांनी चित्रं दाखवायला सुरुवात केली. कप, किल्ली, कुत्रा. "काका, हे काय आहे?"  ह्यांचे ओठ हलत, शीर ताठ होई आणि तोच श्वास. मघाच्या शब्दाचा मागमूसही नाही. न राहवून मी घडलेलं सगळं सांगून टाकलं. मॅडमनी हातातली चित्रं खाली ठेवली. "काकू, फॉर्ममध्ये तर तुम्ही मातृभाषा मराठी लिहिलीये." मी म्हटलं, "हो, मराठीच." आणि बोलता बोलताच काय झालं ते मला उमगलं. इस्पितळातल्या कागदांवरही मीच लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरांत. चार महिने डॉक्टर, परिचारिका, लेक, मी, सगळे जण ह्यांना हाका मारत होतो त्या माझ्या भाषेत. "आधी जी भाषा परत येतेय, तिचा हात धरायचा," मॅडम मृदूपणानं म्हणाल्या. "घरात त्यांच्याशी अहिराणी कोण बोलतं?"

कुणीच नाही. हे उत्तर देताना मला वाटलेली भीती सकाळच्या भीतीहून निराळी होती. सकाळी वाटत होतं, हा माणूस पुन्हा बोलणार नाही. आता वाटलं, हा बोलेल. पण ज्या भाषेत बोलेल, तिचं दार मीच बाहेरून लावलेलं आहे. अडतीस वर्षांच्या सहवासानंतर मला त्यांच्याशी बोलायला दुभाषा लागावा? आणि डॉक्टर म्हणतात ते महिने तर बोटांवर मोजण्याएवढेच उरलेले!

दुपारी मी गॅलरीत जाऊन नामपूरला दिरांना फोन लावला. दार लोटलं नाही. म्हटलं, "भावजी, मला एक वाक्य सांगा. भीती वाटते का, हे तुमच्यात कसं विचारतात?" ते आधी हसले. "वहिनी, तुम्ही? अहिरानी?" मी म्हटलं, ह्यांना विचारायचंय, तसं त्यांचं हसू थांबलं. "भ्याव वाटस का, अस्सं इचारा त्याले." मी ते तळहातावर लिहून घेतलं.

हे खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मी समोर स्टूल घेतलं. चार महिने मी पाणी हवं का, उशी हवी का, दिवा मालवू का, एवढंच विचारत आले होते. हा प्रश्न आपल्या भाषेत विचारायचंही मला धैर्य झालं नव्हतं. तळहात पाहून, पहिल्या बाकावरच्या पोरासारखं अडखळत मी म्हटलं, "भ्याव... वाटस का?"

त्यांनी डोळे उघडले.  मग गळ्याची शीर ताठ झाली, ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. या वेळी मी मान वळवली नाही.

"तुले?" त्यांनी विचारलं.

तुला? चार महिन्यांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि हो म्हटलं.