मंदाकिनीचं माहेर

कुंभार पिंपळगावच्या कडूबाला मनातल्या मनात वाचता येत नव्हतं. बापाच्या शेजारी बसून तो श्रावणातल्या पोथीवर अक्षरं शिकला. त्यामुळं वाचायचं म्हणजे मोठ्यानं, हेल काढून, एवढंच त्याला ठाऊक. खताच्या पोत्यावरची सूचनासुद्धा तो अशी वाचायचा की ऐकणाऱ्यानं हात जोडावेत. बाकी गड्यात काही दम नव्हता. बैलसुद्धा त्याला जुमानत नसत. पण श्रावण आला की मारुतीच्या पारावर त्याच्याइतका भाव कुणालाच नसायचा.

जालना जिल्हा झाला त्याच्या दोन-तीन वर्षांनी तीर्थपुरीच्या बाजारात रद्दीवाल्या ख्वाजामियाँनं त्याच्या हातात एक पॉकेटबुक कोंबलं. कव्हरवर तंग पोलक्यातली बाई, पाय उलटे, तोंडात सिगारेट.

"लेके जाव, कडूबाभाऊ. बहुत मजेदार चीज है."

'रातपाळी' नावाची मालिका होती ती. तिच्यातली मुंबई काही औरच. पिंपळ तोडले म्हणून मुंजे सिग्नलच्या खांबावर राहायला गेलेले आणि मनात येईल तेव्हा लाल दिवा लावणारे. वेताळ पाण्याच्या टाकीवर. आणि मंदाकिनी नावाची हडळ टेलिफोन ऑफिसात कामाला. तिचं माहेरचं घर पाडून तिथं थेटर बांधलं होतं, म्हणून मेल्यावर बिचारीला घर सापडेना. लोकांचे फोन जोडता जोडता ती आपलं घर हुडकत होती.

कडूबा दुपारी ओसरीत वाचायला बसला. ते कव्हर गावाच्या नजरेला पडू नये म्हणून त्यानं पुस्तकाला पोथीचं लाल फडकं गुंडाळलं. शहाणाच तो! हेल तोच, फडकं तेच. शेजारच्या झुंबरबाईला वाटलं, कडूबानं घरीच पोथी लावली आणि आपल्याला सांगितलंसुद्धा नाही. ती तणतणत आली, नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, पदर डोक्यावर घेऊन बसली. तेवढ्यात फडकं सरकलं. कुंकू नेमकं सिगारेटवर पडलं होतं.

"ही कोण देवी म्हणावं, कडूबा?"

"हडळ हाय, काकू."

झुंबरबाईनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण नारळ फुटला म्हणजे पोथी लागली. लागलेली पोथी अर्धी सोडायची नसते, समाप्तीचं पुरण घातल्याशिवाय उठायचं नसतं, आणि हे गावात सगळ्यांत जास्त झुंबरबाईलाच कळायचं.

"वाच आता, मेल्या," ती म्हणाली, "आन जल्दी आटप."

जल्दी कुठली आटपतेय? ख्वाजामियाँ एकेक भाग मिळवून देत गेला, बाया जमत गेल्या आणि हडळ गावात रुळली. कुणी तिच्यासाठी हळहळायचं, कुणी टाकीवरच्या वेताळाला शिव्या द्यायचं. कडूबाची बायको शिवकन्या सगळ्यांच्या मागं बसून शेंगा फोडायची आणि गप्प ऐकायची. तिचं माहेर पैठणकडं होतं आणि ते धरणाच्या पाण्यात गेल्तं. त्यावर ती कधी बोलायची नाही. पंचमीला बाकीच्या माहेरी निघाल्या की ही खुरपं घेऊन रानात जायची, आणि पाठीमागं तिला हाक मारायची कडूबाची छाती व्हायची नाही.

शेवटून दुसरा भाग संपला तेव्हा मंदाकिनी त्या थेटरच्या दारात उभी होती. बाया उठल्या. शिवकन्या तेवढी जागची हलली नाही.

"मंदा माहेरी पोचस्तोवर मी चहाला शिवणार न्हाई," ती म्हणाली.

झालं. ही बाई चहावर जगणारी. चार दिवसांत घरात भांडी आपटायला लागली. तिचं डोकं इतकं दुखायचं की कपाळाला फडकं बांधून ती भाकरी थापायची. आणि शेवटचा भाग कुठंच मिळेना. छापणाऱ्यानं दुकान बंद केलं, असं ख्वाजामियाँ सांगायचा. कडूबानं शहागडला हायवेवर जाऊन ट्रकवाल्यांनासुद्धा विचारलं, ते हसले. महिने गेले. समाप्ती राहिली म्हणून झुंबरबाई त्याला येता-जाता टोमणे मारायची, ते त्याला चाललं असतं. बायकोचं ते बांधलेलं कपाळ मात्र त्याला बघवत नव्हतं.

मग पंचमीच्या दिवशी शिवकन्यानं खुरपं उचलायच्या आत त्यानं हाळी दिली, "आखरी भाग आला." बाया धावत आल्या. लाल फडक्यात कपाशीच्या बोंडअळीची माहिती देणारं पुस्तक होतं. कडूबानं घसा खाकरला आणि हेल लावला.

मंदाकिनी थेटरात शिरली. पडद्यामागं गेली, तिथून खाली उतरली. खाली घर होतं. उजवीकडची पायरी तुटकी. अंगणात उंबर, त्याला बांधलेली एका डोळ्यानं आंधळी कपिला गाय. दारात माय तूर पाखडत बसलेली. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "आलीस का, बाय? किती उशीर केलास. हातपाय धू, चहा टाकते."

झुंबरबाईनं पदरात नाक शिंकरलं. शिवकन्या उठली, आत गेली, आणि चुलीवर चहाचं आधण चढलं. दुसऱ्या दिवशी गावानं पुरण खाल्लं.

पुढं पुष्कळ वर्षं गेली. गावात मोबाईल आले, ख्वाजामियाँची दाढी पांढरी झाली, आणि एका बाजारी त्यानं खरा शेवटचा भाग कडूबाच्या हातात ठेवला. कडूबानं तो रानात बैलांना वाचून दाखवला. त्यात कुणी एक इन्स्पेक्टर मंदाकिनीला बाटलीत कोंडतो आणि समुद्रात फेकतो. कडूबानं लिहिणाऱ्याला आईवरून शिव्या हासडल्या आणि पुस्तक कणगीत ज्वारीखाली पुरलं. नवऱ्यांना वाटतं, कणगीत बायको हात घालत नाही.

संध्याकाळी शिवकन्या ती सिगारेटवाली घेऊन समोर उभी राहिली.

"हे काय?"

"आखरी भाग."

"मंग त्या पंचमीला काय वाचलं?"

कडूबानं उठून कणगीचं झाकण नीट बसवलं.

"बोंडअळी व्हती ती, फडक्यातून अळीचं चित्र दिसत व्हतं. एवढी लांबण लावली, पान एकदाबी उलटलं न्हाई तुम्ही."

"कळलं व्हतं तर मंग चहा कशाला पेलीस?"

"मुंबईत एका डोळ्याची कपिला कुठून यील? आन ती पायरी? लग्नात तुम्ही तिच्यावरच आपटल्ता." तिनं पुस्तकावरची ज्वारी झटकली. "माय बराबर तसंच म्हणायची. किती उशीर केलास."

तिनं पुस्तक त्याच्यापुढं धरलं. "ह्याच्यात काय लिवलंय?"

"चुकीचं छापलंय."

तिनं ते चुलीत सारलं आणि वर चहाचं पातेलं ठेवलं. दोन कप भरून ती त्याच्यासमोर बसली.

"वाचा."

"काय वाचू? हातात काय न्हाई."

"तवाबी कुठं व्हतं?"

कडूबानं चहाचा घोट घेतला, रिकामे हात मांडीवर धरले, आणि तुटक्या पायरीपासून हेल लावला.