बिनडायवरची गाडी आणि संभाअण्णा

संभाअण्णांच्या जीपमध्ये सीटखाली एक लाकडी पाट असायचा. म्हातारी प्रवासी दिसली की ते स्वतः उतरून पाट दारापाशी ठेवत आणि म्हणत, "चढा आजी. गाडी बनवनाऱ्याला आई नव्हती." कळंब ते येडशी एकतीस वर्षं त्यांनी जीप चालवली. त्यातली नऊ वर्षं येडशीच्या शाळेत शिकवायला जाताना मी त्यांच्या शेजारी बसत होतो.

एकदा मी त्यांना मोबाइलवर ड्रायव्हरशिवाय धावणारी गाडी दाखवली. आपोआप फिरणारं स्टिअरिंग पाहून ते खो-खो हसले. "सर, हिला कळंबच्या बाजारादिशी आना. शेळी कुठं उडी मारनार, हे हिच्या बापाला कळंल का?" मग हसू थांबवून म्हणाले, "आन म्हातारीला वर कोन घेनार?"

पुढच्या वर्षी साखरेच्या आजारात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जीप विकली. पण घरी बसणं जमेना. आमच्याकडच्या वाशीच्या एका मेकॅनिककडून त्यांनी जुन्या कारला हातानं चालवायचा अ‍ॅक्सिलरेटर आणि हातानं दाबायचा ब्रेक बसवून घेतला. पहिली चाचणी माळावर झाली, तेव्हा शेजारी मी होतो. दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसरीला समोर म्हैस आली. हातातला ब्रेकचा दांडा जागचा हलला नाही. उजवी मांडी मात्र जोरात खाली गेली. नसलेल्या पायानं त्यांनी ब्रेक मारला होता. मी स्टिअरिंगला हात घालेपर्यंत गाडी बाभळीवर आदळली. माझ्या दोन बरगड्या मोडल्या. त्यांना खरचटलंही नाही.

कुबड्या घेऊन ते दवाखान्यात मला भेटायला आले. किल्ली मुलाला देऊन टाकली होती. कुबड्या भिंतीला टेकवून स्टुलावर बसले. मग म्हणाले, "सर, ती बिनडायवरची गाडी आपल्याकडं कधी यील? हसू नगा. मला यकट्याला कुठं जाता यील का, येवढंच इचारतो."

रस्ते, किंमत, सगळं मनात धरून मी म्हणालो, "पंधरा वर्षं तरी लागतील, अण्णा."

"म्या त्रेसष्ट वर्साचा." त्यांनी खिडकीकडं पाहिलं. "मंजी आमच्यासाठी न्हाय."

मुलगा कुठंही न्यायला तयार होता. ते त्याच्या गाडीत कधी बसले नाहीत. "सामान व्हय का म्या, उचलून ठिवायला?" सात महिने ते बाजेवर पडून राहिले आणि त्यातच गेले.

पंधराचा आकडा मी नीट विचार करून, प्रामाणिकपणे सांगितला होता. तीन म्हणालो असतो, तर ते खोटं ठरायला तीन वर्षं लागली असती.