वारेआजीची सून

चेजू बेटावरच्या शहरात केस विंचरून घराबाहेर पडणारा माणूस एक तर पाहुणा असतो, नाही तर मूर्ख. बंदराच्या चढावर माल्सुनचं पार्लर आहे आणि तिचा सगळा धंदा याच एका सत्यावर उभा आहे. ती बायकांचे केस इतके घट्ट कुरळे करून देते की वाऱ्याने घराचं छप्पर नेलं तरी डोक्यावरचं काही हलायचं नाही. त्यामुळे बंदराकडच्या झाडून सगळ्या बायका पाठीमागून सारख्याच दिसतात. दोन-तीन नवरे चुकीच्या बाईमागून तिच्या घरापर्यंत गेले, हे माल्सुन स्वतःच्या कारागिरीचा दाखला म्हणून सांगते.

ज्या वाऱ्यावर पोट भरायचं त्यालाच शिव्या द्यायच्या, हा तिचा जोडधंदा. थंडी पडली की तोंडाचा पट्टा सुरू. "या गावात माणसं राहतात? अगं, इथले कावळेसुद्धा पायी फिरतात!" पण हेच दुसऱ्या कोणी म्हटलं की संपलं. एकदा सोलहून आलेली एक पाहुणी केस धुवायला बसली आणि म्हणाली, "बाई गं, कसं राहता इथे?" माल्सुनने तिचे केस धुतले, पुसलेही नाहीत, आणि दार उघडून दिलं. "जा. आमच्याकडे वारा फुकट आहे, वाळतील आपोआप." आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय ती गावालाही लावत असे.

गेल्या शरदात तिच्या घरी सून आली, बित्ना. तेगूची. तेगू म्हणजे डोंगरांच्या मधली कढई, उन्हाळ्यात माणूस तळून निघतो, पण वारा म्हणाल तर पंख्याचाच. मुलगा सुंगिल जहाजावर इंजिन सांभाळतो, त्यामुळे महिन्यातले बरेच दिवस घरात सासू, सून आणि बाहेर वारा. बित्ना पार्लरमध्ये बायकांची डोकी धुवायची. तिचा हात असा की गिऱ्हाइकं मान मागे टाकून तिथेच घोरायला लागत. माल्सुनला ते दिसत होतं, पण सुनेची तिच्या तोंडावर स्तुती करायची म्हणजे आपल्या हाताने दृष्ट लावायची, असं तिचं मत होतं. म्हणून ती म्हणायची, "पाणी जरा कमी वापर."

बित्ना कुरकुरत नव्हती. पंचाईत तीच होती. कुरकुर करणारीला माल्सुन सहज पुरून उरली असती. नव्या वर्षाच्या सणाला जेवण झाल्यावर बित्नाने खायच्या काड्या खाली ठेवल्या आणि तेगूच्या माणसांसारखं सरळच सांगितलं, "आई, ही थंडी जाईपर्यंत बघते. नाही जमलं तर आम्ही दोघं तेगूला जाऊ. यांना तिकडे कारखान्यात काम मिळतंय."

"बघ की," माल्सुन म्हणाली आणि भांडी उचलून आत गेली. आत जाऊन तिने तेच एक ताट तीनदा धुतलं. नवरा जाऊन वर्षं झाली होती. लेक युन्जी सोलला होती. आता ही दोघंही गेली तर बोलायला केस वाळवायचं यंत्र तेवढं उरणार होतं, आणि तेही उलट उत्तर न देणारं. माल्सुनला भीती वाटली. अशी भीती तिला कुठल्या वादळाची कधी वाटली नव्हती.

चेजूत थंडी कधी संपते हे कॅलेंडर सांगत नाही. ते वारेआजी ठरवते. दुसऱ्या चांद्रमासाच्या सुरुवातीला ही देवी बेटावर येते, पंधरवडाभर हिंडते, समुद्रात शंख-शिंपल्यांचं बी पेरते आणि निघून जाते. ती गेली की वसंत. येताना ती सोबत कोणाला आणते यावर सगळं अवलंबून. लेकीला आणलं तर हवा स्वच्छ, म्हणजे लेकीचा झगा कसा छान फडफडतो ते जगाने पाहावं. सुनेला आणलं तर पाऊस आणि बोचरा वारा, म्हणजे सुनेचा झगा भिजून पायांना चिकटावा. आजवर माल्सुन ही गोष्ट चवीने सांगायची.

यंदा मात्र ती देव पाण्यात घालून बसली. 'लेकीलाच आण गं बाई, तुझ्या पाया पडते,' असं मनात घोकायला लागली. वारेआजी असेपर्यंत कपडे धुतले तर ती रागावते, असं जुनी माणसं मानतात. माल्सुनने आयुष्यभर या समजुतीची टिंगल केली होती आणि नेमक्या त्याच दिवसांत यंत्र लावलं होतं. आता पार्लरमध्ये ओल्या टॉवेलांचा ढीग साचला आणि गिऱ्हाइकांची डोकी तिच्या जुन्या बनियनांनी पुसली जाऊ लागली.

"सुंगिलची आई, कुठून भक्ती उतू चाललीय?" धक्क्यावर मासे विकणारी यांगबाई बनियनाचा वास घेत म्हणाली.

"पाण्याचं बिल वाचवतेय," माल्सुन म्हणाली.

वारेआजी आली त्या दिवशी सकाळीच गारठ्याचा पाऊस सुरू झाला. यांगबाई उलटी झालेली छत्री घेऊन दारातूनच ओरडली, "आणली बरं का थेरडीने सून! मेली अवदसा!" बित्ना तेव्हा बेसिनपाशी ज्वा आजींचं डोकं धुत होती. तिने मान वर केली नाही.

मग रोज तेच. जी येई ती छत्री झटकत वारेआजीच्या सुनेचा उद्धार करी. काय तिचं ते तोंड, काय तिचा तो पायगुण. लेकी बोले सुने लागे म्हणतात, पण इथे मध्ये लेकसुद्धा नव्हती, सगळं थेट सुनेलाच. माल्सुन जिवाच्या आकांताने सारवासारव करी. "वारा कुठाय? झुळूक आहे ही. तेगूला लोक याचे पैसे देतील." हे ती म्हणत असतानाच समोरच्या नूडलवाल्याची पाटी खिडकीसमोरून उडत गेली. तिघीचौघींनी माना वळवून ती जाताना पाहिली.

असेच आठ-दहा दिवस गेल्यावर एकदा बित्नाने नळ बंद केला. "एक विचारू? सून एवढी वाईट, तर आजी तिला आणते कशाला? लेकीलाच का नाही आणत दरवर्षी?"

यांगबाईने आरशात बघून भुवई नीट केली. ज्वा आजी बेसिनवर मान टाकून पडल्या होत्या. चौऱ्यांशीचं वय, डोक्यावर केस मोजून घ्यावेत इतके, तरी महिन्याला कुरळे करून हवेत. डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "लेक यायला तयार नसेल, पोरी. अशा थंडीत कोण येतंय? हाक मारली की मुकाट्याने निघते ती सूनच. म्हणून तर तिच्याच नावाने खडे फोडायचे."

माल्सुनला ते लागलं. वरवर ती म्हणाली, "आजी, हलू नका, फेस डोळ्यात जाईल," पण दुपारी मागच्या खोलीत जाऊन तिने सोलला फोन लावला.

"युन्जी, येतेस का चार दिवस?"

"आत्ता? आई, तुला वेड लागलंय का? काय गारठा असेल तिकडे! हवा चांगली झाली की येते ना."

"रोज वारेआजीच्या नावाने बोलणी चाललीत इथे."

"कोणाला आणलंय यंदा?"

"सुनेला," माल्सुन म्हणाली.

"मेली! म्हणजे मोहर लागेपर्यंत काही खरं नाही," युन्जी हसली.

हे हसणं ओळखीचं होतं. ते माल्सुनचंच होतं, तिनेच शिकवलेलं. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ केस कुरळे करायच्या नळ्यांचा डबा लावत बसली. हवा चांगली झाली की काय, यायला कोणीही येतं.

वारेआजीच्या निरोपाच्या दिवशी बंदरावरच्या टेकडीवर सगळ्या बायका नैवेद्य घेऊन जमतात. माल्सुन कित्येक वर्षांत तिकडे फिरकली नव्हती. यंदा तिने मुळा भरलेली कुट्टूच्या पिठाची धिरडी केली, संत्री घेतली, दारूची बाटली घेतली, आणि सगळं एका मोठ्या ताटात रचून ती चढाला लागली. वाऱ्यात ताट एकटीला आवरेना. दुसरी कड बित्नाने धरली. दोघी आडव्या होत, थांबत, पुन्हा दोन पावलं टाकत वर पोचल्या. बित्नाचे ओठ फुटले होते आणि झगा भिजून पायांना चिकटला होता. माल्सुनने ते पाहिलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

वर पुजारीणबाई गोड आवाजात आजीला निरोप देत होती. सुखाने जा, समुद्र भरलेला ठेव, पुढच्या वर्षी ये. बायका वाकून नमस्कार करत होत्या. नेमका तेव्हाच आडवा पाऊस आला. मागून यांगबाईचा आवाज आला, "बघा, जाता जातासुद्धा तोंड वाकडं करून चाललीय ती कैदाशीण!"

माल्सुनचा तोल गेला. ती ताठ उभी राहिली आणि पुजारीणबाईच्या डोक्यावरून समुद्राकडे तोंड करून ओरडली, "ए म्हातारे! वर्षानुवर्षं त्या पोरीला पावसात भिजवत फिरवतेस, आणि बोल लावून घ्यायलाही तिलाच पुढे करतेस! तुझी ती लाडकी लेक शेकत बसलीय घरी! नको झालीय ना सून? मग ठेवून जा इथे! मी सांभाळते!"

पुजारीणबाईच्या हातातली घंटा थांबली. देवीला कोणी असं बोलत नाही. ज्वा आजींनी मात्र मान हलवली, वाऱ्याने हलली की त्यांनी हलवली हे सांगता येणार नाही. पुजारीणबाईने घसा खाकरला आणि पुढचा मंत्र जरा मोठ्याने म्हटला.

उतरताना माल्सुन पुढे चालत होती, कारण मागे बघायची तिची हिंमत होत नव्हती. अर्ध्या उतारावर ती थांबली. नव्या वर्षाच्या सणापासून गिळलेला प्रश्न तिने शेवटी बाहेर काढला, तोही समुद्राकडे बघत. "आहेस का पुढच्या वर्षी? की तेगू?"

बित्ना तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. "थंडी वाईटच आहे इथली, आई. मी खोटं बोलणार नाही."

"वाईट आहे," माल्सुन म्हणाली. हे तिने बाहेरगावच्या माणसासमोर आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं.

"राहीन. पण एक अट आहे. यापुढे पाऊस आला तर पार्लरमध्ये सुनेचं नाव घ्यायचं नाही."

"मग शिव्या कोणाला द्यायच्या? गिऱ्हाइकं काय गप्प बसतील?"

"सासूला द्या. बरोबर घेऊन तीच येते ना?"

वाऱ्याने माल्सुनचे स्वतःच्या हाताने कुरळे केलेले केस थोडेही हलले नाहीत. तिने नाक पुसलं, रिकामं ताट काखोटीला मारलं आणि म्हणाली, "सुरुवात तूच कर."