लिंबू लावून येऊ नका

समोर बसलेल्या माणसाचा चेहरा ती नंतर बघायची. आधी स्वतःचा तळवा टेबलावर उताणा ठेवायची आणि म्हणायची, “हात दाखवा.” माणूस खोकला घेऊन आलेला असो, पोटदुखी घेऊन आलेला असो, नाहीतर सहीसाठी फॉर्म घेऊन. एकेक बोट दाबायची, नखांच्या कडा बघायची, बेचक्यांत डोकवायची. मग मान वर.

मी तापाच्या रुग्णांची माहिती घ्यायला गेलो होतो. तिनं तळवा पुढे केला. मी पत्रकार आहे, पेशंट नाही, असं सांगितलं.

“असाल. पण हात असतीलच ना?”

माझा हात तिनं उलटसुलट केला. “नखं खाता. या वयात.”

ती माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून इथे ‘ती’ लिहितो. समोर मी तिला डॉक्टरच म्हणायचो. ज्या रुग्णालयात ती रुग्ण तपासायची आणि त्याला जोडलेल्या महाविद्यालयात शिकवायची, त्याचं नाव देत नाही. नाव बदललं तरी मजकूर फारसा बदलणार नाही. ती कोपर स्टेशनजवळ आईबरोबर राहायची, मेडिसिन विभागात सहायक प्राध्यापक होती. सकाळी ओपीडी, दुपारी विद्यार्थी, आणि संशोधन उरलेल्या वेळात. उरलेला वेळ म्हणजे जेवणाची सुट्टी. तिचा डबा मी कधी उघडलेला पाहिला नाही.

हातांचं वेड तिला हिराबाईमुळे लागलं. हिराबाई खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, बाजारात मासळी विकणारी. वर्षानुवर्षं साखरेचा आजार, त्यात दिवसभर बर्फात हात. बोटं बधिर झालेली. मासळीचा काटा बोटात रुतला तो तिला कळलाच नाही. कळलं तेव्हा बोट काळं पडलं होतं आणि कापावं लागलं. तेव्हा ही शिकाऊ डॉक्टर होती, शस्त्रक्रियेच्या वेळी हिराबाईचं मनगट धरून उभी. पायाला बधिरपणा आला तर काय करायचं, ते पुस्तकात आहे, ती सांगायची. या बायकांच्या हातांचं कोणी नीट पाहिलेलंच नाही. कोणत्या बोटाचं भान आधी जातं? जखम कधी चिघळते? किती आधी कळलं तर बोट वाचतं? उत्तरासाठी त्याच बायकांचे हात तीन वर्षं पुन्हा पुन्हा बघायला हवे होते.

हिराबाईनं आणखी सहा जणी आणल्या. वार गुरुवार ठरला, तोही हिराबाईनंच ठरवला. “गुरवारी लोका मासळी खात नाय, धंदा थंड. तवा येव.”

डॉक्टरनं बोटाचं भान तपासायला टोकाला टेकवायचा बारीक नायलॉनचा धागा काढला, की बायका हसायच्या. “गो बाय, ही तर तंगूस. गळाला बांधतो ना, तीच. आता आमाना पकडतंस का?” आणि तळवे पुढे करताना नेहमीचा टोमणा: “आमचा नशीब काय बगतंस? तुजाच बग.”

“माझं आस्थापना विभागात आहे,” ती म्हणायची. “फाइलमध्ये.”

एका गोष्टीवरून मात्र तिचं त्यांच्याशी भांडण होतं. या बायका रुग्णालयात येताना हातांना लिंबू चोळून यायच्या. पूर्वी कधी तरी एका कर्मचाऱ्यानं रांगेत नाकाला रुमाल लावला होता. तेव्हापासूनची ही रीत. लिंबाचा रस भेगांत उतरायचा, कातडी लाल व्हायची, मग ती लाली आजाराची की लिंबाची, ते कळायचं नाही. आणि बधिर बोटांना तो झोंबायचाही नाही. दर गुरुवारी ती सांगायची, “लिंबू लावून येऊ नका. मला तुमचे हात बाजारात असतात तसे हवेत.” बायका हो म्हणायच्या आणि पुढच्या गुरुवारी लिंबू लावून यायच्या. डॉक्टरीणबाईच्या हातात वासाचा हात द्यायचा, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं.

आता तिच्या फाइलविषयी. तिची नेमणूक चार-चार महिन्यांच्या आदेशावर होती. आदेश संपला की एक दिवसाचा खंड आणि मग नवा आदेश. तो एक दिवस मध्ये असला, की सलग नोकरी केली असा दावा करता येत नाही. खंड एवढ्यासाठीच असतो. अशी तिची पाच वर्षं झाली होती. त्या एका दिवशी ती कोणाचीच नसायची. ओपीडीत बसली तर नियमभंग. एकदा खंड नेमका गुरुवारी आला. तिनं बायकांना परत पाठवलं नाही. फाटकाबाहेर झाडाखाली बाक आहे, तिथे सातही जणींचे हात पाहिले. मग वॉर्डातल्या एका रुग्णाला बघायला आत निघाली, तर पहारेकऱ्यानं पाहुण्यांची वही पुढे केली. तो तिला रोज सलाम करणारा माणूस. ओशाळून म्हणाला, “मॅडम, आज तुम्ही लिस्टमध्ये नाही.” रुग्णाशी नातं, या रकान्यात तिनं ‘डॉक्टर’ असं लिहिलं. त्यानं ते खोडून ‘नातेवाईक’ लिहिलं. हे ती हसत सांगत होती. मला हसू आलं नाही.

तरुण डॉक्टरांनी संशोधनाकडे वळावं, असं प्रत्येक पदवीदान समारंभात सांगितलं जातं. मी अशा भाषणांच्या बातम्या दिल्या आहेत. शब्द इतके तेच, की जुनी बातमी काढून वक्त्याचं नाव बदललं तरी चालावं. वळल्यावर काय होतं, त्याची बातमी होत नाही.

तिनं संशोधनाच्या निधीसाठी अर्ज केला. अर्जात विचारलं होतं, सेवेत खंड आहे का. तिनं ‘आहे’ लिहिलं आणि सगळे खंड तारखांसह मांडले. विभागप्रमुखांनी कपाळाला हात लावला. “अगं, खंड लिहायचा नसतो. तो नुसता असतो.”

तरीही अर्ज पसंत पडला. निधी देणाऱ्या संस्थेचं पत्र आलं: विषय महत्त्वाचा आहे, काम मंजूर आहे, अर्जदार पुढची तीन वर्षं या पदावर राहील, एवढी हमी महाविद्यालयानं लेखी द्यावी.

आस्थापना विभागातल्या कारकुनाकडे ती गेली तेव्हा मी बरोबर होतो. कारकून सज्जन होता. त्यानं पत्र दोनदा वाचलं.

“मॅडम, अभिनंदन. पण तुम्ही चार महिन्यांच्या. मी तीन वर्षांचं कसं लिहू?”

“मी पाच वर्षं आहे इथे.”

“कागदावर नाही ना. कागदावर तुम्ही दर वेळी नव्यानेच येता.”

विभागप्रमुखांनी तोड काढली: अर्ज माझ्या नावावर कर, तू सहायक म्हणून राहा. ती लगेच तयार झाली. “नाव कुणाचंही असू दे. हात बघितले गेले पाहिजेत.” मला ते पटलं नाही. पाच वर्षांचं काम तिचं आणि नाव त्यांचं, असं मी बोललोही. पण तेही जमलं नाही, कारण विभागप्रमुखांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. ज्यांच्याकडे पद होतं त्यांच्याकडे वर्षं नव्हती, आणि जिच्याकडे वर्षं होती तिला पद नव्हतं. संस्थेची मुदत टळली आणि निधी परत गेला. विभागप्रमुख तिची समजूत घालत म्हणाले, “आम्हीही असेच दिवस काढलेत.” ते खरंच होतं. आपण भोगलं ते पुढच्यालाही भोगू द्यावं, ही या पेशाची वारसाहक्कानं आलेली मालमत्ता असावी.

मी बातमी लिहितो म्हणालो. तिनं टेबलावरचा माझा हात तपासायला नव्हे, थांबवायला धरला. “नको, सर. माझं नाव छापून आलं तर पुढचा आदेश अडेल.” मी लिहिली नाही. आयुष्यात गिळलेल्या बातम्यांपैकी ही एकच अजून पचलेली नाही. कारण आदेश तसाही अडलाच. खंडाचा एक दिवस गेला, दुसरा गेला, आठवडा गेला. तिला कोणी काढलं नाही. काढलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं. कारकून म्हणाला, “आदेश निघालेला नाही.” एवढंच.

आता ती घोडबंदर रोडवरच्या एका खासगी रुग्णालयात आहे. कंपन्यांतले लोक वर्षातून एकदा सर्वांगाची तपासणी करून घेतात, ती त्यांचे अहवाल वाचते. फोनवर विचारलं, कसं चाललंय? “छान आहे. सलग आहे,” ती म्हणाली. मग म्हणाली, “इथे कोणी हात दाखवत नाही, सर. फाइल दाखवतात.”

त्यानंतरच्या गुरुवारी मी त्या जुन्या रुग्णालयात गेलो. तिची जागा भरणार का, हे विचारायचं होतं; उत्तर मिळालं नाही. परतताना ओपीडीबाहेरच्या बाकावर त्या सात जणी ओळीनं बसलेल्या दिसल्या. आत एक नवा डॉक्टर होता.

“डॉक्टर आता इथे नसतात,” मी हिराबाईला म्हणालो. “कळलं नाही का?”

“फोन केलेला तिनं. येव नका बोलली.” हिराबाई आपल्या हातांकडे बघत म्हणाली, “आमी ऐकलाच नाय ना तिचा. किती येला सांगितला, लिंबू नको, लिंबू नको. रागावली असंल.”

मी सांगितलं, ती तुमच्यावर रागावलेली नाही. तिचा कागद आला नाही, म्हणून तिला जावं लागलं.

“कागद तर आमचा पन कंदी येत नाय,” हिराबाई म्हणाली. “बाजारान आमी बसतोच ना?”

तिनं हात पुढे केला, एक बोट कमी असलेला. “बग. आज कोनीच नाय लावला. सांग तिला.”

मी हात नाकाशी नेला. बर्फाचा, खाऱ्या पाण्याचा, मासळीचा वास होता. आतून आवाज आला, “पुढचा पेशंट.” सातपैकी एकीकडेही केसपेपर नव्हता, डॉक्टरच्या वेळी तो लागत नसे, तिच्या वहीत नावं होती. कोणी उठलं नाही. चौदा हात मांड्यांवर उताणे पडून होते.