सासऱ्यांबरोबर गळ टाकताना

गळाची गाठ आवळण्याआधी ती थुंकीने ओली करायची. कोरडी आवळली तर नायलॉनची दोरी घासून कमजोर होते आणि पहिल्याच मोठ्या माशाला तुटते. हे मला माझ्या वडिलांनी गावच्या तळ्यावर शिकवलं. वडील यवतमाळकडचे. समुद्र त्यांनी मुंबईत नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा पाहिला, आणि एवढ्या खारट पाण्यात मासे जगत असतील यावर त्यांचा विश्वास बसायला बराच वेळ गेला. त्यांचं सगळं ज्ञान गोड्या पाण्याचं: बांबूची काठी, मोरपिसाच्या दांड्याचं तरंगतं बोंडूक, आणि कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून केलेलं आमिष. तेच मला वारशात मिळालं.

या थुंकीमुळेच मी सासऱ्यांच्या नजरेत माणूस झालो.

आमचं लग्न त्यांना पसंत नव्हतं. आम्ही बौद्ध, ते नाहीत. त्यांचं बोरिवलीत जुनं घर, सरकारी नोकरीतून निवृत्ती, भिंतीवर तिथीचं कॅलेंडर. पहिलं वर्ष ते माझ्याशी बोललेच नाहीत. मग एका दिवाळीला बायकोबरोबर मी तिकडे गेलो, तेव्हा ते बाल्कनीत रॉडला दोरी बांधत बसले होते आणि गाठ सुटत होती. मी न विचारता दोरी हातात घेतली, गाठ तोंडात धरून ओली केली, आवळली. त्यांनी ती ओढून पाहिली. दोनदा पाहिली.

"रविवारी सहाला मढला या," ते म्हणाले. "कोळंबी मी आणतो."

त्याला अकरा वर्षं झाली. मी नाहूरहून मोटरसायकलने वर्सोव्याला यायचो, तिथून होडीत गाडी चढवून मढला उतरायचो. ते बोरिवलीहून मालाड आणि मग बस. सिनेमावाल्यांना भाड्याने जाणाऱ्या बंगल्यांच्या मागे एक सपाट खडक आहे, तो त्यांचा ठरलेला. शूटिंग चालू असलं की एखादा पोरगा येऊन "अंकल, फ्रेम में आ रहे हो" म्हणायचा. सासरे त्याला मराठीत सांगायचे की ही फ्रेम निवृत्त माणसाची आहे, दुसरी बघा.

खाऱ्या पाण्यातलं मला काहीच येत नव्हतं. पहिल्या रविवारी मी घरून कणकेचा गोळा नेला. तो पाण्यात पडल्या पडल्या विरघळला आणि बारीक बोय मासे येऊन रिकामा गळ चाटून गेले. दुसऱ्या रविवारपर्यंत माझ्या पवईच्या तलावावर वापरायच्या रीळने गंज धरला, कारण घरी आल्यावर ती साध्या पाण्याखाली धुवायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सासऱ्यांनी सांगितलं, पण रीळ अडकल्यावर. ते शिकवायचे असेच, नुकसान झाल्यानंतर. जिवंत कोळंबी शेपटीकडून ओवायची, डोक्यातला काळा ठिपका चुकवायचा, नाहीतर ती तिथेच मरते. शिसं हलकं लावायचं, जड शिसं खडकात अडकतं, म्हणजे समुद्राला देणगी. आणि जिताड्यासाठी पुढची हातभर दोरी जाड हवी, कारण त्याच्या कल्ल्याच्या कडा धारदार असतात. गोड्या पाण्यातला रोहू विचार करून खातो, तुम्हाला वाट बघायला लावतो. खारा मासा एक तर खातो किंवा खात नाही. मला हे जास्त प्रामाणिक वाटलं.

भरतीचा हिशेब त्यांनी तिथीवरून शिकवला. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पाणी पूर्ण भरतं. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्याच्या आधीचे दोन तास मासे खायला येतात. मी दर पौर्णिमेला विहारात जाणारा माणूस, पण आता मरोळच्या आमच्या ऑफिसात एकादशी कधी आहे हे लोक मला विचारायला लागले.

खडकावर आमचं सगळं सामाईक होतं. एकच कोळंबीचा डबा, एकच सुरी, हात पुसायचं एकच फडकं. फक्त पाण्याच्या बाटल्या दोन होत्या आणि जेवणाचे डबे दोन. त्यांनी माझी बाटली कधी घेतली नाही. त्यांच्या घरी मला जेवायला असायचं, पाटावर बसवून वाढायचे. अडचण उलट दिशेला होती. आमच्याकडे ते यायचे, दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे आणि आत्ताच चहा झालाय म्हणायचे.

जेवायला या म्हटलं की वार आडवा यायचा. सोमवार, गुरुवार, शनिवार ते मासे खात नसत. रविवारी बोलावलं तर नेमकी संकष्टी निघायची. एकदा मी सुट्टी टाकून बुधवार गाठला, तर श्रावण लागला होता. आमच्या घरात मासा कुठल्याही दिवशी मासाच असतो, त्यामुळे मला हे सगळं शिकायला वर्षं गेली. आणि मासेमारीचा गडी, त्याला मासेच खायला बोलवायचं, हे आम्ही गृहीत धरलेलं. बायको दर वेळी ताजं वाटण करून ठेवायची आणि मग आम्ही दोघं ते दोन दिवस खायचो. मला राग यायचा. तिला रडू यायचं, पण ती ते कांद्यावर ढकलायची.

गेल्या पावसाळ्यानंतर सासऱ्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि त्यानंतर खडक बंद म्हणून सांगितलं. मग रविवारही बंद होणार होते. बायको म्हणाली, "हे बघ, या रविवारी बाबांना घरी जेवायला आण. नाही आले तर मी परत कधीच विचारणार नाही. तूही विचारायचं नाहीस."

मी कॅलेंडर घेऊन बसलो. पौष महिना, रविवार, द्वादशी. एकादशी आदल्या दिवशी उरकलेली, संकष्टी लांब. पौषात शुभकार्य करत नाहीत, पण मासा तळायला काही हरकत नसते. भरती नऊला.

साडेसातला माझ्या गळाला ओढ लागली. रॉड वाकला तेव्हाच कळलं की ही शिंगाळ्यासारख्या किरकोळ माशाची कुरकुर नाही. मासा पाण्याबाहेर उसळला, चकचकीत, डोकं झटकत. जिताडा.

"ढील द्या! ओढू नका, ढील द्या!" सासरे ओरडले. बंगल्यातून कुणीतरी "सायलेन्स" ओरडलं. सासऱ्यांनी तिकडे पाहिलंही नाही. मी ढील दिली, तो खडकाकडे पळाला, मी रॉड उंच धरून परत फिरवला. दहा मिनिटं हेच. शेवटी सासरे हातातलं जाळं घेऊन गुडघाभर पाण्यात उतरले. ज्या गुडघ्यांची पुढच्या महिन्यात तारीख होती त्याच गुडघ्यांनी. मासा जाळ्यात घेऊन वर आले आणि खाली बसले. चार किलोचा तरी असेल. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो.

खडकावरचा नियम असा की गळ एकाचा आणि जाळं दुसऱ्याचं असेल तर मासा निम्मा निम्मा. त्यांनी सुरी काढली.

"इथे नको कापायला," मी म्हटलं. "घरी चला. तिथेच कापू, तिथेच जेवू."

त्यांनी आकाशाकडे पाहिलं. "आज..."

"आज रविवार. बारस. पौष चालू आहे."

"कपडे भिजलेत."

"माझे देतो."

"गुडघा..."

"टॅक्सी बोलावतो दारापर्यंत. लिफ्ट आहे."

त्यांनी सुरी फडक्याने पुसली. पाणी अजून चढत होतं. मग म्हणाले, "आमच्या वडिलांपासून चालत आलंय हो. तुमच्याबद्दल काही नाही."

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी वार न सांगता खरं सांगितलं. आणि मला राग आवरला नाही. "माझ्या थुंकीची गाठ चालते," मी म्हटलं. "माझ्या हातची कोळंबी चालते. पाणी तेवढं चालत नाही. जे काही आहे ते माझ्याबद्दलच आहे, बाबा."

ते स्वतःच्या हातांकडे बघत बसले, कोळंबीचा वास येणाऱ्या. मग सुरी फडक्यात गुंडाळली, पिशवीत टाकली आणि उठायला माझ्याकडे हात केला.

नाहूरला दार उघडून बायको बाजूला सरकली. तिने पाण्याचा पेला आणून समोर धरला. ते उभे होते, माझा लेंगा घालायचा बाकी होता, पायांवरून वाळू गळत होती. त्यांनी पेला घेतला आणि सगळं पाणी प्यायले. मग थेट स्वयंपाकघरात गेले, कारण जिताडा आम्हाला नीट कापता येणार नाही याची त्यांना खात्री होती.

माझ्या आईच्या पद्धतीचा रस्सा होता, सुकं खोबरं काळं होईस्तोवर भाजून केलेला. सासरे म्हणाले, जिताड्याला हे वाटण शोभत नाही, त्याला ओलं खोबरं आणि कोकम. असं म्हणून रस्सा तीनदा घेतला. बायको भाकऱ्या थापत होती आणि एकेक भाकरी नको तितका वेळ भाजत होती, कारण तिला मागे वळायचं नव्हतं.

निघताना चपला घालत ते हळूच म्हणाले, "हिच्या आईला सांगू नका मी इथे जेवलो ते. तिला आवडायचं नाही."

बायकोने एक डबा आणून त्यांच्या हातात ठेवला. "तुमच्या वाटणीचा निम्मा मासा आहे. शिजवून दिलाय. कुठून आणला म्हणून सांगायचं ते तुम्ही ठरवा."

डबा धरून ते बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं खाली ठेवतील. मग त्यांनी तो कोळंबीच्या पिशवीत नाही, आतल्या स्वच्छ पिशवीत ठेवला आणि गेले.

संध्याकाळभर बायको फोनजवळ बसली होती, बसलेली नाही असं दाखवत. आठ वाजता फोन आला. सासूबाई होत्या. बायकोने तो मोठ्या आवाजावर टाकला.

"खोबरं सुकं घातलंस ना गं? चांगलं लागलं."

"आई, तू खाल्लंस?"

"मग काय करू, जिताडा टाकून देऊ?"

"पण बाबा म्हणाले तुला आवडणार नाही..."

"त्यांना काय माहीत? अकरा वर्षं ते एकटेच जातात मासे मारायला, एकटेच बोलावण्याला नाही म्हणून येतात. मला कधी कुणी विचारलंय का, जेवायला येतेस म्हणून?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी अकरा वर्षं दर निमंत्रण त्या खडकावर, एका माणसाला दिलं होतं. सासूबाईंना मी त्यासाठी एकदाही फोन केला नव्हता. बायकोनेही नाही.

"आई," बायको म्हणाली. "उद्या येतेस? पण उद्या सोमवार आहे."

"असू दे की सोमवार," सासूबाई म्हणाल्या. "वरणभात कर."