मेट्रो स्टेशनातला आमचा उंबरा

शहरातल्या त्या मेट्रो स्टेशनात कधी उतरलात, तर सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी डाव्या भिंतीवर एक लांबोडका काळा दगड दिसेल. वरून पिवळा दिवा सोडलाय, खाली काचेची पाटी लावलीय. त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढू नका. काढायचाच असेल तर मी आसपास नाही ना, एवढं बघून घ्या. तो आमच्या घराचा उंबरा आहे आणि माझ्या मूर्खपणामुळं तो तिथं गेलाय.

माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप बारामतीत आहे, राहायला मी जळोचीत. त्या स्टेशनाचं स्टीलचं रेलिंग मीच केलंय. लोकांनी धरून धरून ते आता मळलंय. पुसायची तसदी कोणी घेत नाही, तो राग वेगळाच. सांगायचं एवढंच की ते स्टेशन मी खड्डा होतं तेव्हापासून बघितलंय. वर भाजीबाजार होता, तो आधी उठवला. मग खोदत खोदत काळ्या खडकापर्यंत गेले, आणि जिथं मेथीच्या जुड्या विकत होत्या तिथं शोभेची हिरवळ लावून टाकली.

स्टेशनाचं डिझाईन एका मॅडमांचं. कामात बाई हुशार होत्या, खोटं कशाला बोलू. खालचे खांब त्यांनी वर फाकत नेलेत, त्यामुळं जमिनीखाली असूनही छाती दडपत नाही. छताला स्टीलच्या नळ्या लाटांसारख्या फिरवल्यात. त्याला त्या ‘नदी’ म्हणायच्या. नदीकाठी आख्खं आयुष्य काढलेल्या माणसाला ती नदी वगैरे वाटत नाही, पण काम सफाईचं आहे.

रेलिंगचं पॉलिश बघायला मॅडम एकदा वर्कशॉपला आल्या. चहा घेता घेता म्हणाल्या, “सगळं छान झालंय हो, पण स्टेशनला इतिहास नाही. काहीतरी अस्सल जुनं हवंय आत शिरताना.”

आणि माझी जीभ वळवळली. मी म्हणालो, “इतिहास ना? आमच्याकडं पाण्यात पडलाय, हवा तेवढा घेऊन जा.”

आमचं मूळ गाव इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठाला. धरण झालं आणि ते पाण्याखाली गेलं. माणसं वरच्या अंगाला नव्या गावठाणात आली. पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाव उघडं पडतं, आणि मग जुनी माणसं आपापलं घर बघायला गाळात उतरतात. हे दर वर्षी चालतं. आता बघण्यासारखं तिथं काय राहिलंय म्हणा! चांगले घडीव दगड लोकांनीच नव्या घरांना उचलून नेले, माती वीटभट्टीवाल्यांनी ओरबाडली. राहिला होता फक्त आमच्या घराचा उंबरा. आठ माणसांनाही तो हलला नव्हता, म्हणून राहिला.

माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबा त्या उंबऱ्यावर पाठ आत करून उभे राहायचे आणि पावलं मोजत चालायचे. इतकी पावलं सरळ, तिथं चावडी. तिथून डावीकडं इतकी, की सुताराचं घर. बाया-बापड्या त्यांच्या मागं मागं चालायच्या, “आबा, आमचं दावा की,” म्हणायच्या. आबा टाच रोवून सांगायचे, “हितं. हितं तुजी चूल हुती.” ती बाई मग तिथंच फतकल मारून बसायची.

सगळ्यांचं झालं की आबा एकटेच उंबऱ्याकडं परत जायचे आणि पुन्हा चालायला लागायचे. त्या वेळी कोणी मागं जायचं नाही, हे गावाला ठाऊक होतं. माझ्या आधीची माझी बहीण दीड वर्षाची होऊन गेली. लहान लेकराला आमच्यात पुरतात, तसं तिला गावाच्या कडेला बाभळीखाली पुरलं. बाभूळ केव्हाच गेली. आबा एकशे बेचाळीस पावलं चालून थांबायचे, खिशातले बत्तासे काढून गाळावर ठेवायचे आणि टोपी सारखी करून परत यायचे. एवढंच. आई होती तोवर तिच्या वाटचेही तेच ठेवायचे.

हे सगळं मी डोळ्यांनी बघितलेलं. तरी मॅडमांना घेऊन मी गाळात उतरलो.

त्या उन्हाळ्यात आबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना धुळीत जायला बंदी होती. मी त्यांना सांगितलं, “आबा, आपला उंबरा मेट्रोत बसवणार हायेत. लाखो लोक बघतील.” ते डोळ्यावर हिरवी पट्टी लावून खाटेवर बसले होते. म्हणाले, “कशाला?” मग थोड्या वेळानं म्हणाले, “इचार कर.” मी त्याचा अर्थ होकार असा घेतला. मला तोच घ्यायचा होता. आपल्या घराचा दगड शहरात, दिव्याखाली! छाती फुगली होती माझी, दुसरं काय. क्रेन आली, दगड उचलला, मॅडमांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

उद्‌घाटनानंतर आबांना घेऊन स्टेशनात गेलो. सरकत्या जिन्यावर त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. खाली उतरलो आणि बघतो तर उंबरा भिंतीवर उभा टांगलेला! अहो, उंबरा हा पायातळी असतो. त्याला हळदी-कुंकू वाहतात, तो ओलांडतात. या लोकांनी त्याला घोरपडीसारखा भिंतीला चिकटवला होता. पाटीवर लिहिलं होतं, ‘नदीकाठच्या अनामिक वस्तीतील प्रवेशशिळा’. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथूनच मॅडमांना फोन लावला. म्हणालो, “अनामिक? गावाचं नाव मी तुम्हाला कागदावर लिहून दिलं होतं.” त्या म्हणाल्या, “नाव टाकलं की डिझाईन बोजड होतं. लोकांना भावना कळली की झालं.”

आबांनी दगडाला हात लावला, तसा सुरक्षारक्षक धावत आला. “बाबा, हात नाही लावायचा.” आबांनी हात काढला. शिव्या मी दिल्या.

पण खरी अक्कल मला पुढच्या उन्हाळ्यात आली.

पाणी उतरलं. लोक जमले. आबा नव्या डोळ्यांनी, काठी टेकत गाळात गेले. क्रेननं केलेला खड्डा गाळानं केव्हाच भरून सपाट झाला होता. आबा इकडं वळले, तिकडं वळले. चार पावलं टाकली, थांबले, परत आले. सुताराची सून म्हणाली, “आबा, आमचं कुठं वो?” त्यांनी काठीनं एकीकडं दाखवलं, मग दुसरीकडं, मग काठी खाली घेतली. मला वाटत होतं की आबांना जागा पाठ आहेत. जागा नव्हत्या पाठ. पावलं पाठ होती. आणि ती जिथून सुरू व्हायची तेच मी उचलून दिलं होतं.

माझा मुलगा म्हणतो, मोबाईलच्या नकाशावर खूण का करून ठेवली नाही? नाही केली बाबा, नाही सुचलं! आबा होते ना, मग मोबाईल कशाला काढायचा? मॅडमांकडं फोटो होते. ते मागवले. चाळीस फोटो, सगळे दगडाचे, जवळून. दगडावरच्या छिन्नीच्या खुणा मोजता येतील इतक्या जवळून. पाठीमागं एक टेकडी नाही, एक झाड नाही, नुसता गाळ.

दुपार होईस्तोवर आबा एकशे बेचाळीस पावलं दहा वेळा चालले असतील. दर वेळी वेगळीकडं. उन्हात त्यांची टोपी भिजली होती. मी म्हणालो, “आबा, बास करा. कुठंबी ठिवा, तिला पोचंल.”

आबा माझ्याकडं वळले. आयुष्यात त्यांनी माझ्यावर हात उचलला नाही, त्या दिवशी काठी उचलली. मारली नाही. “कुठंबी?” एवढंच म्हणाले. बत्तासे तसेच खिशात घेऊन घरी आले.

मग मी हात धुऊन मागं लागलो. पत्रं लिहिली, वर्कशॉप बंद ठेवून शहराच्या खेपा घातल्या. एक साहेब म्हणाला की दगड आता स्टेशनची मालमत्ता आहे. दुसरा म्हणाला, तुम्ही स्वतः सही करून दिलाय. तिसऱ्यानं तर फायबरची हुबेहूब प्रत करून देतो म्हणून सांगितलं. दिसायला डिट्टो, वजनाला हलकी, डोक्यावर नेता येईल! त्याच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून कपाळात घालावा असं वाटलं. मॅडमांनी तर माझा फोन घेणंच सोडलं. पण मी चिवट आहे. दोन वर्षं त्यांना सुखानं बसू दिलं नाही.

गेल्या महिन्यात पत्र आलं. त्या भिंतीवर आता जाहिरातीचा मोठा पडदा बसणार आहे, सदर शिळा अर्जदारानं स्वखर्चानं घेऊन जावी. माझ्या बोंबलण्यानं नाही, पडद्यानं सोडवला म्हणायचा. असू दे! मी गाडी काढली ती थेट नव्या गावठाणात, आबांकडं. आबा पडवीत बसले होते. पत्र त्यांच्यापुढं नाचवलं. म्हणालो, “जिंकलो आबा! उंबरा परत मिळतोय. ह्याच उन्हाळ्यात गाळात नेऊन ठिवू.”

आबांनी पत्र हातात घेतलं नाही.

“आनशील रं,” ते म्हणाले. “ठिवशील कुठं?”